टाकीविरहित गिझर घ्यावा का? अधारतालच्या थंडीतील एका घराचा हिशेब

जबलपूर शहरातील अधारताल हा भाग जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयामुळे देशभर परिचित आहे. राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांनी येथे तलाव बांधला आणि त्यावरूनच या भागाला हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काळात जबलपुरात आलेली अनेक मराठी कुटुंबे आज या शहराची रहिवासी आहेत. महाराष्ट्राच्या किनारपट्टीतून येथे नव्याने राहावयास येणाऱ्याला पहिल्या हिवाळ्यातच एक फरक जाणवतो. मुंबईत सोय म्हणून वापरले जाणारे गरम पाणी येथे डिसेंबर आणि जानेवारीत गरज बनते.

जुना गिझर गळू लागला किंवा घराची दुरुस्ती निघाली की एक प्रश्न हमखास पुढे येतो. पाणी साठवून तापवणारा गिझर पुन्हा बसवावा, की नळ उघडताच पाणी तापवून देणारा टाकीविरहित गिझर घ्यावा? टाकीविरहित गिझर वीज वाचवतो, जागा वाचवतो आणि वाट पाहावयास लावत नाही, असे दुकानात सांगितले जाते. यातील प्रत्येक विधान काही परिस्थितीत खरे आहे. मात्र ते आपल्या घरात खरे ठरेल की नाही, हे पहाटे नळातून येणारे पाणी किती थंड आहे, घराची वीजजोडणी किती भार पेलू शकते आणि घरात स्नान कसे होते, या तीन गोष्टींवर अवलंबून असते. हा निर्णय कसा तपासावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

नाव आणि प्रकार

‘गिझर’ हा शब्द आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्ण पाण्याच्या फवाऱ्याच्या नावावरून आला. लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र तयार केले आणि त्याला हे नाव दिले. त्या यंत्रात पाण्याचा साठा नव्हता. वाहते पाणी गॅसच्या ज्योतीतून निघणाऱ्या उष्ण वायूंनी तापत असे. म्हणजे मूळचा गिझर टाकीविरहितच होता. भारतात मात्र हे नाव पुढे प्रामुख्याने टाकी असलेल्या विजेच्या यंत्रासाठी रूढ झाले.

मराठी घरांतील तांब्याचा बंब हा साठवण प्रकाराचा जुना नमुना म्हणता येईल. मधल्या नळीत लाकूड किंवा कोळसा पेटवायचा, भोवतालच्या पाण्याला उष्णता मिळायची आणि तोटीतून कढत पाणी घंगाळात घ्यायचे. वर थंड पाणी ओतले की खालून गरम पाणी मिळत राही. आजच्या साठवण गिझरमध्येही थंड पाणी आत येऊन गरम पाण्याला बाहेर ढकलते. फरक इतकाच की, विस्तवाची जागा विजेच्या कॉइलने घेतली आणि टाकीभोवती उष्णतारोधक आवरण आले.

सध्या बाजारात तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला, १० ते २५ लिटर किंवा त्याहून मोठ्या टाकीचा साठवण गिझर. त्याची कॉइल बहुधा २ किलोवॅटची असते. दुसरा, विजेचा ‘इन्स्टंट’ गिझर. तो सामान्यतः ३ किलोवॅटचा असतो आणि त्यात १ ते ५ लिटरची लहान टाकी असते. म्हणजे दुकानात ‘इन्स्टंट’ म्हणून मिळणारे यंत्र पूर्णपणे टाकीविरहित असतेच असे नाही. ४.५ किलोवॅट व त्यापुढील क्षमतेचे खरे टाकीविरहित नमुनेही उपलब्ध आहेत. तिसरा प्रकार गॅस गिझरचा. त्यात साठा नसतो आणि ज्योतीच्या उष्णतेने पाणी नळीतून वाहतानाच तापते.

परदेशातील सल्ला येथे का लागू पडत नाही

टाकीविरहित यंत्राने मोठी बचत होते, हा समज मुख्यतः अमेरिका आणि युरोपमधील अनुभवावर आधारलेला आहे. अमेरिकेतील घरांत साधारणतः १५० ते १९० लिटरची टाकी असते. ती वर्षभर दिवसरात्र चालू राहते आणि स्वयंपाकघर, स्नानगृह, कपडे धुण्याचे यंत्र अशा सर्व ठिकाणी तिचेच पाणी जाते. कोणी पाणी वापरत नसतानाही त्या टाकीतील उष्णता हळूहळू बाहेर जाते आणि ती भरून काढण्यासाठी ऊर्जा खर्च होते. दिवसाला सुमारे १५५ लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात टाकीविरहित यंत्र २४ ते ३४ टक्के अधिक कार्यक्षम ठरू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे मार्गदर्शन सांगते.

अधारतालमधील मध्यमवर्गीय घराची स्थिती निराळी आहे. येथील टाकी १५ किंवा २५ लिटरची असते. बटण पहाटे सुरू होते आणि स्नाने आटोपली की बंद केले जाते. उन्हाळ्यात गिझर कित्येक आठवडे वापरलाही जात नाही. ज्या हानीपासून टाकीविरहित यंत्र बचाव करते, ती हानीच येथे अल्प असते. त्यामुळे बचतीचा परदेशी आकडा जसाच्या तसा येथे लावता येत नाही.

नळाचे पाणी किती थंड?

जबलपुरात जानेवारीत सरासरी किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या जवळ उतरतो. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत त्याच महिन्यातील सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असते. गच्चीवरील प्लास्टिकच्या टाकीतील पाणी रात्रभर निवते. त्यामुळे पहाटे नळाला येणारे पाणी १५ अंशांचे किंवा त्याहूनही थंड असू शकते.

येथे बोअरवेल असलेल्या घरांना एक लाभ मिळतो. जमिनीखालील पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही आणि ते त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळ राहते. म्हणून पंपातून नुकतेच आलेले पाणी हिवाळ्यात कोमट लागते. तेच पाणी आदल्या संध्याकाळी गच्चीवर चढवून ठेवले तर सकाळपर्यंत हा लाभ नाहीसा होतो. शक्य असल्यास पहाटे पंप लावून ताजे पाणी घेतल्यास गिझर कोणताही असला तरी विजेची बचत होते.

यंत्र खरेदी करण्यापूर्वी जानेवारीतील एखाद्या पहाटे साध्या थर्मामीटरने नळाच्या पाण्याचे तापमान मोजून ठेवावे. पुढील सर्व हिशेब या एका आकड्यावर उभा राहतो.

बादलीचा हिशेब

हिशेबासाठी पाणी १५ अंशांचे आहे, स्नानाला ४२ अंशांचे पाणी हवे आहे आणि एका व्यक्तीला २० लिटरची एक बादली पुरते, असे गृहीत धरू. म्हणजे पाण्याचे तापमान २७ अंशांनी वाढवावयाचे आहे. एका बादलीसाठी सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. चार माणसांच्या घरात चार बादल्यांना रोज सुमारे २.५ युनिट आणि ३० दिवसांच्या महिन्यात सुमारे ७५ युनिट लागतील.

ही वीज पाणी तापवण्यासाठी लागणारच. यंत्र साठवणीचे असो वा इन्स्टंट, विजेच्या कॉइलने पाणी तापवावयाचे असेल तर हा आकडा कमी होत नाही. दोन्ही प्रकारांत कॉइल पाण्यातच बुडालेली असते आणि विजेची जवळजवळ सर्व उष्णता पाण्याला मिळते. म्हणून ‘निम्मे बिल’ असा दावा कोणी केल्यास तो तपासून पाहावा.

पाणी किती वेगाने मिळेल, हे काढण्याची रीत सोपी आहे. यंत्राच्या किलोवॅटला १४.३ ने गुणावे आणि तापमान जितके अंश वाढवावयाचे त्याने भागावे. उत्तर मिनिटाला मिळणाऱ्या लिटरमध्ये येते. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर अधारतालच्या पहाटे २७ अंशांची वाढ देताना मिनिटाला सुमारे १.६ लिटर पाणी देईल. एक बादली भरण्यास साडेबारा मिनिटे लागतील. मुंबईत नळाचे पाणी २५ अंशांचे असेल तर वाढ १७ अंशांचीच हवी. तेथे हेच यंत्र मिनिटाला अडीच लिटर देते आणि बादली आठ मिनिटांत भरते. एकाच यंत्राविषयी मुंबईचे नातेवाईक समाधानी आणि जबलपूरचे नाराज असण्याचे कारण या फरकात आहे.

‘पहिला तांब्या कढत, मग पाणी कोमट’ ही इन्स्टंट गिझरविषयीची नेहमीची तक्रार आहे. आतील ३ लिटरच्या लहान टाकीत आधीच तापलेले पाणी प्रथम बाहेर येते. ते संपल्यावर यंत्राची खरी क्षमता दिसते. नळ पूर्ण उघडला तर मिनिटाला ६ लिटर पाणी वाहील, पण ३ किलोवॅटमध्ये त्याचे तापमान केवळ ७ अंशांनी वाढेल. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसते; त्याच्या शक्तीपेक्षा अधिक वेगाने पाणी घेतले जात असते. नळ बारीक सोडला तर पाणी पुरेसे तापते.

शॉवरचा हिशेब याहून कठीण आहे. साधा शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी सोडतो. ९ लिटर पाण्याला २७ अंशांची वाढ देण्यासाठी सुमारे १७ किलोवॅट शक्ती लागेल. एकफेजी घरगुती जोडणीवर हे शक्य नाही.

साठवण गिझरमध्ये वाट आधी पाहावी लागते. २ किलोवॅटचा २५ लिटरचा गिझर १५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३९ मिनिटे घेतो. ते पाणी थंड पाण्यात मिसळून ४२ अंशांचे सुमारे ४० लिटर, म्हणजे दोन बादल्या होतात. १५ लिटरची टाकी २४ मिनिटांत तापते आणि तिच्यातून एक बादली व थोडे अधिक पाणी मिळते. चार बादल्यांसाठी २ किलोवॅटला एकूण ७५ मिनिटे आणि ३ किलोवॅटच्या इन्स्टंट यंत्राला ५० मिनिटे लागतात. इन्स्टंट यंत्रात बटण आधी लावण्याची गरज नसते, मात्र प्रत्येकाला बादली भरेपर्यंत थांबावे लागते. साठवण यंत्रात पहिल्या दोघांना बादली झटपट मिळते आणि पुढील दोघांना टाकी पुन्हा तापण्याची वाट पाहावी लागते. कारखान्याच्या पहिल्या पाळीला आणि शाळेला एकाच वेळी निघणाऱ्या घरात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

बचत कोठे होते?

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताऱ्यांच्या पट्टीवर साठवण गिझरची स्थिर उष्णताहानी नोंदवलेली असते. पाणी न वापरता यंत्र २४ तास चालू ठेवल्यास टाकी गरम राखण्यासाठी किती वीज लागेल, हे त्यावरून समजते. तारे अधिक तितकी हानी कमी. ही पट्टी साठवण प्रकारासाठी आहे; इन्स्टंट गिझरवर तारे नाहीत म्हणून तो निकृष्ट, असा अर्थ काढू नये.

उदाहरणादाखल एखाद्या यंत्राची हानी २४ तासांना ०.८ युनिट आहे असे समजू. ते दिवसरात्र चालू ठेवल्यास महिन्याला २४ युनिट वाया जातील. तेच यंत्र रोज अडीच तास चालू ठेवल्यास हानी महिन्याला अडीच युनिटच होईल. युनिटचा दर ७ रुपये धरला तर पहिल्या घराचा १६८ रुपयांचा आणि दुसऱ्या घराचा सुमारे १८ रुपयांचा तोटा होतो. दुसऱ्या घराने नवीन यंत्र, नवीन तार आणि मजुरी यांवर काही हजार रुपये खर्च केले तर ती रक्कम बचतीतून वसूल होण्यास यंत्राचे आयुष्यही पुरणार नाही.

साठवण गिझरमध्ये आणखी एका ठिकाणी वीज वाया जाते आणि तिकडे फारसे लक्ष जात नाही. शेवटच्या व्यक्तीने पाणी घेतल्यानंतर टाकीत थंड पाणी भरते. बटण चालू राहिले तर ते २५ लिटर पाणी पुन्हा ६० अंशांपर्यंत तापते आणि त्यात सुमारे १.३ युनिट वीज जाते. दुसऱ्या पहाटेपर्यंत त्यातील निम्मी उष्णता निघून गेली तरी महिन्याला सुमारे २० युनिट व्यर्थ गेले. शेवटची व्यक्ती स्नानाला जाण्यापूर्वीच बटण बंद करणे, हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

मध्य प्रदेशातील ग्राहकांनी आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. राज्याच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या पात्र घरगुती ग्राहकांना पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये आकारले जातात. वापर १५० युनिटांपलीकडे गेल्यास ही सवलत मिळत नाही. चार जणांच्या स्नानाचे ७५ युनिट आणि दिवे, फ्रिज, दूरदर्शन संच यांचा वापर मिळून घर या मर्यादेच्या काठावर येत असेल, तर वाया जाणारे २० युनिट बिलात बराच मोठा फरक घडवू शकतात. आपल्या मागील हिवाळ्याची बिले काढून डिसेंबर आणि जानेवारीचा वापर पाहावा.

विजेची जोडणी

२३० व्होल्टवर २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर, ३ किलोवॅटचा १३ अँपिअर आणि ४.५ किलोवॅटचा जवळजवळ २० अँपिअर प्रवाह घेतो. यांपैकी कोणतेही यंत्र साध्या ५ अँपिअरच्या प्लगवर लावू नये. ३ किलोवॅटच्या यंत्रासाठी १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य जाडीची स्वतंत्र तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी आवश्यक आहे. ४.५ किलोवॅटसाठी १६ अँपिअरचा सॉकेटही अपुरा पडतो. त्यास अधिक जाड तार आणि थेट जोडणी लागते. जुन्या घरात ही तार मीटरपासून स्नानगृहापर्यंत नव्याने ओढावी लागण्याची शक्यता असते. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो २ किलोवॅट असेल तर ३ किलोवॅटचे एकच यंत्र ती मर्यादा ओलांडते. स्मार्ट मीटरमध्ये कमाल मागणीची नोंद होते. म्हणून भार वाढवून घेण्याचा अर्ज यंत्र बसवण्यापूर्वीच वीज वितरण कंपनीकडे करणे श्रेयस्कर आहे.

कमी दाबाच्या विजेचा परिणामही विचारात घ्यावा. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाल्यास ३ किलोवॅटचे यंत्र सुमारे २.३ किलोवॅटचे काम करते. तेव्हा अधारतालच्या पहाटे मिनिटाला १.६ ऐवजी १.२ लिटर पाणी मिळेल. साठवण गिझर अशा वेळी काही मिनिटे अधिक घेतो, पण अखेर पाणी पुरेसे तापवून देतो. वीज अधूनमधून खंडित होत असेल तर तापलेले पाणी टाकीत उपलब्ध राहणे, हाही साठवण प्रकाराचा लाभ आहे.

यंत्र कोणतेही असो, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पाण्यात वीज उतरल्यास तो पुरवठा तत्काळ तोडतो. साठवण गिझरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बंद करू नये किंवा त्याची नळी कोंडू नये. यंत्रावर आयएसआय चिन्ह असावे. साठवण प्रकारासाठी आयएस २०८२ आणि विजेच्या इन्स्टंट प्रकारासाठी आयएस ८९७८ हे भारतीय मानक आहे.

गॅस गिझर: वेग आणि धोका

वेगाच्या दृष्टीने गॅस गिझर सरस आहे. मिनिटाला ६ लिटर क्षमतेचा घरगुती गॅस गिझर सुमारे १० किलोवॅट उष्णता देतो. अधारतालच्या पहाटेही तो मिनिटाला ५ लिटरांहून अधिक पाणी देतो आणि बादली चार मिनिटांत भरते. एका बादलीला सुमारे ६० ग्रॅम एलपीजी लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २३० बादल्या होतात. चार जणांच्या घरात एक सिलिंडर सुमारे ५७ दिवस चालेल. सिलिंडरची किंमत ९०० रुपये धरल्यास बादलीला सुमारे ४ रुपये पडतात. ७ रुपये दराच्या विजेवर हाच खर्च सुमारे साडेचार रुपये येतो. म्हणजे दोन्ही इंधनांच्या खर्चात फार अंतर नाही आणि सिलिंडरचा अथवा युनिटचा दर बदलला की पारडे कोणत्याही बाजूला झुकू शकते.

निर्णय खर्चावर नव्हे, तर सुरक्षिततेवर व्हावयास हवा. १८६८ मधील मॉन यांच्या यंत्रात धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. आज घराघरांत दिसणाऱ्या लहान गॅस गिझरपैकी अनेकांनाही ती नसते. ज्योत खोलीतील प्राणवायू वापरते आणि जळालेले वायू खोलीतच सोडते. लहान, बंद स्नानगृहात प्राणवायू कमी होताच ज्वलन अपूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट तीव्रतेने बांधला जातो. डोके जड होते, चक्कर येते, हातपाय लुळे पडतात आणि आतून लावलेली कडी काढण्याचे बळही उरत नाही. स्नानगृहात गॅस गिझरमुळे बेशुद्ध पडलेल्या किंवा मृत्यू पावलेल्या व्यक्तींची वृत्ते दर हिवाळ्यात देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनीही अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली आहे. अपस्माराचा झटका म्हणून दाखल झालेल्या काही रुग्णांत खरे कारण स्नानगृहातील गॅस गिझर असल्याचे आढळले.

थंडीत हा धोका वाढतो, कारण गार वारा येऊ नये म्हणून स्नानगृहाची खिडकी आणि झरोका बंद केला जातो. याकरिता गॅस गिझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळी हवा असलेल्या ठिकाणी बसवावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. सिलिंडरही बाहेरच असावा. स्वयंपाकघरातील शेगडीच्या रबरी नळीला परस्पर जोड देऊन गिझर चालवू नये. एलपीजीवरील लहान गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूसाठी निराळा नमुना लागतो. एका वायूचे यंत्र दुसऱ्यावर चालवणे घातक आहे. बाहेर बसवण्याची जागा नसेल तर गॅस गिझरचा विचार सोडून द्यावा. कोणी स्नानगृहात बेशुद्ध आढळल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाण्याचा दाब आणि क्षार

गॅस गिझर पाण्याच्या प्रवाहाने पेटतो. दाब अपुरा असेल तर ज्योत पेटत नाही. दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो. एकमजली घरात टाकी गच्चीवरच असेल आणि नळापासून तिची उंची २ ते ३ मीटरच असेल, तर दाब ०.२ ते ०.३ बार इतकाच राहतो. यंत्राच्या माहितीपत्रकातील किमान दाबाशी हा आकडा ताडून पाहावा. उंच इमारतीत प्रश्न उलटा असतो. तेथे अधिक दाब सोसणारी टाकी घ्यावी लागते.

क्षारयुक्त पाण्यात कॉइलवर पांढरा थर बसतो आणि पाणी तापण्यास वेळ लागू लागतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. बोअरवेलचे पाणी बहुधा अधिक क्षारयुक्त असते. टाकीविरहित यंत्राच्या अरुंद नळ्या थर बसून लवकर चोंदतात. साठवण गिझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. ती झिजत जाते आणि वेळोवेळी बदलावी लागते. भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर दरवर्षी हिवाळ्याआधी गिझरची सफाई करून घ्यावी.

सूर्याचा पर्याय

स्वतःची गच्ची असलेल्या कुटुंबाने सौर बंबाचा विचार अवश्य करावा. दिवसाला १०० लिटर क्षमतेचा सौर बंब वर्षाला सुमारे १५०० युनिटपर्यंत वीज वाचवू शकतो, असे नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे अनुमान आहे. बचत वापरावर अवलंबून असते. वर्षातून चारच महिने गरम पाणी वापरणाऱ्या घरात ती या आकड्यापेक्षा कमी राहील. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्य घर मोफत वीज योजनेत छतावरील सौर वीजसंचाला अनुदान आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी एकूण ७८,००० रुपये, अशी त्याची रचना आहे. असा संच बसवावयाचा असल्यास गिझर बदलण्यापूर्वी दोन्हींचा एकत्र विचार करावा.

कोणत्या घराला काय योग्य?

एक किंवा दोन माणसांचे घर, स्नानाच्या वेळा अनिश्चित आणि बादली भरेपर्यंत थांबण्याची तयारी, अशा घरात ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर उपयुक्त ठरतो. त्याची किंमत कमी, आकार लहान आणि विसरून चालू राहिल्यास हानीही अल्प. स्वयंपाकघरातील भांडी घासण्याच्या नळासाठी तर तोच योग्य आहे, कारण तेथे थोडे पाणी वारंवार लागते.

चार किंवा अधिक माणसांचे, सकाळी तासाभरात सर्वांना निघावे लागणारे आणि विजेचा दाब कमीजास्त होणारे अधारतालसारख्या भागातील घर असेल, तर अधिक तारे असलेला २५ लिटरचा साठवण गिझर अद्यापही योग्य पर्याय आहे. घरात वृद्ध किंवा लहान मुले असल्यास थर्मोस्टॅट फार वर ठेवू नये. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम पाणी सोडावे. स्नानगृहाबाहेर मोकळी जागा, पुरेसा दाब आणि वेळच्या वेळी देखभाल या तिन्ही गोष्टी असतील तरच मोठ्या कुटुंबाने गॅस गिझरकडे वळावे.

निर्णयापूर्वी पाच नोंदी कागदावर कराव्यात: जानेवारीतील पहाटेच्या नळाच्या पाण्याचे तापमान, वीजबिलावरील मंजूर भार, मागील हिवाळ्यातील महिन्याचे युनिट, सकाळी लागणाऱ्या बादल्यांची संख्या आणि टाकीपासून नळापर्यंतची उंची. दुकानात जाताना हा कागद सोबत असावा. विक्रेत्याने सांगितलेल्या प्रत्येक लाभाची पडताळणी त्यावरून करता येते.

जुना साठवण गिझर सुस्थितीत असेल आणि घरातील मंडळी बटण वेळेवर बंद करीत असतील, तर केवळ वीज वाचवण्यासाठी तो बदलण्याचे कारण नाही. तो दिवसभर चालू राहत असेल, तर नवीन यंत्रावर खर्च करण्याआधी एक महिना बटण वेळेवर बंद करून पुढचे बिल पाहावे.